बुवांनी मांडी मोडली

औषधाच्या दुकानात बावीस वर्षं उभं राहिलं की माणसं आवाजावरून ओळखता येतात. डोकेदुखीची गोळी माणूस रस्त्यावरूनच ओरडून मागतो. अ‍ॅसिडिटीची मागताना काल काय खाल्लं तेही सांगतो. मूळव्याधीचं मलम मागायला मात्र आधी दुकान रिकामं व्हावं लागतं. तोवर तो खोकल्याच्या बाटल्यांची लेबलं वाचत उभा. आणि दुखणं त्याच्याही जरा पुढचं असलं, तर बाई निदान दुसऱ्या बाईला तरी सांगते. पुरुष ‘कंबर’ म्हणतो. डोंबिवलीशेजारी कोपर स्टेशनजवळ माझं दुकान आहे, आणि माझ्या अंदाजाने आमच्या भागातल्या पुरुषांच्या दहा कंबरांपैकी तीन कंबरा कंबर नसतातच.

सुदेश मेस्त्रीची कंबर त्या तीनांतली.

सुदेश आणि मी शाळेत एका बाकावर. आता तो सोमवार ते शनिवार ठाण्याला एका वकिलाकडे टायपिंग करतो आणि रविवारी बुवा होतो. बुवा म्हणजे डबलबारी भजनातला बुवा. समोरासमोर दोन मंच, दोन मंडळं, दोन पेट्या. एका बुवाने देवाचं नाव घेत घेत दुसऱ्याची खोडी काढायची, दुसऱ्याने गाऊनच उत्तर द्यायचं. मूळचा हा कोकणातला खेळ, पण डोंबिवलीत त्याला गावापेक्षा जास्त गर्दी होते. आम्ही बौद्ध. आमच्याकडे गायनपार्ट्यांचा सामना होतो, तिथेही असंच एकमेकांना चिमटे काढतात, त्यामुळे हे गाणं मला परकं नाही. सुदेशच्या बारीला मी तिसऱ्या रांगेत ठरलेला.

माझ्या काउंटरच्या आत एक स्टूल आहे. ठाण्याहून आला की सुदेश त्या स्टुलावर अर्धा तास बसायचा आणि गिऱ्हाइकांवर चार ओळी रचून मला ऐकवायचा. गेले सात महिने तो यायचा, पण बसायचा नाही. फ्रीजला टेकून उभा.

“बस की.”

“नको रे, कंबर.”

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तो आला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, “धम्या, ती मागची स्ट्रिप दे.”

“चिठ्ठी?”

“मागची बघितलीस ना तू.”

“मागच्याच्या मागचीही बघितली. दोनदा अँटिबायोटिक झालं. लघवीचा रिपोर्ट काय म्हणतो?”

“जंतू नाहीत.”

“मग मारतोयस कोणाला?”

मी वाट बघितली. त्याला खरं सांगायला नऊ मिनिटं लागली, कारण मधे तीन गिऱ्हाइकं आली आणि प्रत्येक वेळी तो मोठ्याने म्हणाला, “हां, तर कंबर!” गिऱ्हाईक गेलं की आवाज पुन्हा खाली.

“मांडी घातली की जिथे टेकतो ना आपण, तिथे मधोमध. लिंबावर बसल्यासारखं वाटतं. मग ते पुढे येतं, ओटीपोटात जातं, कधी पार टोकाला जळजळतं. तासातासाला लघवीला जावंसं वाटतं, गेलं की थेंब.” मग फ्रीजकडे तोंड करून म्हणाला, “आणि घरात पण.”

“घरात काय?”

“अरे, नंतर दुखतं! दोन-दोन दिवस. म्हणून मी हॉलमध्ये झोपतो. रसिकाला सांगितलंय, गादी मऊ आहे, कंबरेला चालत नाही.”

“आणि मोबाईलवर काय काय वाचून झालं?”

“कॅन्सरपर्यंत आलोय.”

पण त्याची खरी भीती कॅन्सर नव्हती. ती शेवटी निघाली. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ठाकुर्लीला विठ्ठलबुवांशी बारी होती. आमच्या भागात एक रीत आहे: बुवा एकदा पेटीमागे बसला की आपली बारी संपेपर्यंत मांडी मोडायची नाही. मोडली की समोरचा त्याच्यावर गाणं करतो, आणि ते गाणं वर्षभर नाक्यानाक्यावर वाजतं. या भीतीने सुदेश दोन बाऱ्या आजारी पडला होता. तिसऱ्यांदा पडला तर पेटी संदेशला द्यायची, असं मंडळाचं ठरलं होतं. संदेश त्याच्यामागे झील धरणारा, म्हणजे बुवाची ओळ मागून उचलणारा; गळा गोड, पण उत्तर सुचायला त्याला दोन दिवस लागतात.

“वीस वर्षं ती पेटी वाजवतोय, धम्या,” सुदेश म्हणाला. “वकिलाकडे मी टायपिस्ट. पेटीमागे बसलो की बुवा. तीही गेली तर मग काय?”

स्ट्रिप मी दिली नाही. ठाण्यातल्या एका मूत्ररोगतज्ज्ञाचा नंबर दिला.

तो तीन दिवस गेला नाही. चौथ्या दिवशी रसिकावहिनी आल्या. खोबरेल तेलाची बाटली काउंटरवर ठेवून म्हणाल्या, “भाऊजी, हे परत घ्या. कंबर दुखणारा माणूस कंबरेला तेल लावू देत नाही, असं कधी ऐकलंय?”

“वहिनी, आता मी काय सांगणार...”

“तुम्हाला माहितीये सगळं. तुमचं तोंड फार्मसीच्या शटरसारखं पडतं, तेव्हा माहीत असतं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “दुसरीकडे कुठे काही आहे का त्याचं?”

आता गिऱ्हाइकाचं दुखणं गिऱ्हाइकाचं. ते मी सख्ख्या भावालाही सांगत नाही. पण माणसाला नुसत्या गैरसमजाने मरू द्यायचं का? मी म्हटलं, “दुसरीकडे काही नाही. त्यालाच विचारा. पण कंबर सोडून विचारा.”

त्या संध्याकाळी त्यांनी काय विचारलं मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं ठाण्याला गेले.

तिथल्या डॉक्टरने सगळं नीट तपासलं, पुन्हा लघवी, सोनोग्राफी, रक्त. नंतर समोर बसवून सांगितलं की जंतू नाहीत, गाठ नाही, प्रोस्टेट जागेवर आणि वयाप्रमाणे. ताप आला, लघवीतून रक्त गेलं किंवा लघवीच अडली, तर धावत यायचं. एरवी धावायचं नाही. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू झोळीसारखे असतात ते आखडलेत, आणि महिनोन्‌महिने आखडले की तिथल्या नसा उगाचच आरडाओरडा करायला लागतात. हे दुखणं खरं आहे, मनाचं नाही, आणि पुष्कळ पुरुषांना असतं.

“पुष्कळ म्हणजे?” सुदेशने विचारलं.

“म्हणजे बाहेर बाकावर बसलेत त्यांतल्या दोघातिघांना असेल,” डॉक्टर म्हणाले. सुदेशने बाहेर येऊन बघितलं. सगळे कंबर धरून बसले होते.

डॉक्टरने ठाकुर्लीच्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. नाव नीरजा. बाई आहे म्हटल्यावर सुदेशने पुन्हा पाय मागे घेतला, तेव्हा रसिकावहिनी म्हणाल्या, “सान्वीच्या वेळी माझं बाळंतपण पुरुष डॉक्टरनेच केलं. तेव्हा तू पेढे वाटत होतास.” तिथे वाद संपला. मला सोबतीला घेऊन तो गेला. मी बाहेर बसलो, पण पडदा कापडाचा होता आणि माझे कान शाबूत आहेत.

नीरजा मॅडम तिशीच्या, बोलणं एकदम सरळ. किती वेळ बसता, पाणी किती पिता, पोट साफ होतं का, काळजी कसली, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, “स्वतःहून काही व्यायाम करता?”

“हो!” सुदेशचा आवाज पहिल्यांदा खुलला. “बागेत देवरामकाकांचा योगवर्ग आहे. त्यांनी सांगितलं, कमरेखालची ताकद गेली की असं होतं. मूलबंध करायचा. खालून आवळायचं, धरायचं, सोडायचं. ते शंभर सांगतात, मी तीनशे करतो. रिक्षाच्या लायनीत पण करतो.”

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“किती महिने?”

“आठ.”

“आणि दुखणं किती महिने?”

“सुरू आधीच झालेलं, थोडं थोडं. वाढलं मात्र...” तो थांबला. “वाढलं आठ महिन्यांत.”

“मेस्त्रीसाहेब, मूठ वळा. घट्ट. आता तशीच धरून मला अजून तीनशे वेळा आवळून दाखवा.”

मग सुदेशचा बारीक आवाज, “दुखतं.”

“ज्यांचे स्नायू सैल पडलेत त्यांना तो व्यायाम चांगला. तुमचे आधीच मुठीसारखे आहेत. तुम्हाला आवळायला नाही, सोडायला शिकायचंय. पण मला हे कळत नाहीये की मुळात इतकं आवळायला तुम्ही शिकलात कुठे. करता काय तुम्ही? टायपिंगने एवढं होत नाही.”

“मी बुवा आहे,” सुदेश म्हणाला.

त्यांनी त्याला तिथेच खाली मांडी घालून गायला लावलं. मी बाहेर, बाकावर गुडघेदुखीच्या दोन आजी, आणि आतून काळी पाचच्या पट्टीत खणखणीत अभंग. आजींनी हात जोडले. मधेच नीरजा मॅडमचा आवाज आला, “थांबा, थांबा! पोट आहे का पाटा-वरवंटा? हा वरचा सूर लावताना खाली काय करता?”

“धरतो. आमच्या गुरुबुवांनी शिकवलंय. खालून धर, मग वर सूर जातो. आणि बारीत उठता येत नाही ना, तर लघवी पण धरतो. पाणीच पीत नाही दुपारपासून.”

“असं किती वर्षं?”

“वीस.”

“आणि बारी किती वेळ?”

“आमची तासभर, मग त्यांची तासभर, मग पुन्हा आमची. त्यांची चालू असताना पण उठायचं नाही, त्यांना वाटेल पळाला.”

पडद्याआड नीरजा मॅडम हसल्या, पण चांगल्या मनाने. “म्हणजे तुमच्या स्नायूंनी वीस वर्षं सांगितलं तेच केलंय. मग वर देवरामकाका भेटले.”

त्या दिवसापासून मूलबंध बंद. दिवसातून तीनदा पाठीवर पडून, गुडघे वर, पोटावर हात ठेवून श्वास: घेताना पोट फुगलं पाहिजे आणि खालची झोळी आपोआप सैल सुटली पाहिजे. रोज कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं. वीस मिनिटांपेक्षा जास्त सलग बसायचं नाही. पाणी व्यवस्थित, संडासला जोर नाही, संध्याकाळी खाडीच्या बाजूला चालायचं. आणि एका वहीत रोज दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे, शेजारी त्या दिवशी काय केलं ते लिहायचं.

वही तो माझ्याकडे आणायचा, आणि मला तर असल्या नोंदी म्हणजे पक्वान्न. पहिल्या आठवड्यात सात, आठ, सात. तिसऱ्यात सहा. मग एकदम एक दिवस नऊ, आणि सुदेश तोंड पाडून फ्रीजला टेकलेला. “सगळं फुकट गेलं.”

मी पान उलटलं. “आदल्या दिवशी काय लिहिलंयस? ‘साहेब ओरडले. स्कूटरवरून कल्याणला जाऊन आलो. कोल्हापुरी मिसळ.’ अरे, तू नऊ दिलेस हेच खूप. मिसळीला एक मार्क वेगळा द्यायला हवा होता.”

नीरजा मॅडमनी पण तेच सांगितलं: हे सरळ रेषेत उतरत नाही, भरती-ओहोटी असते, एका भरतीने घाबरायचं नाही. वकिलाच्या ऑफिसात त्याने लॅपटॉप फाइलींच्या कपाटावर चढवला आणि अर्धा दिवस उभ्याने टायपिंग सुरू केलं. वकील म्हणाले, कोर्टात मी उभा, ऑफिसात तू. बसणार तो फक्त अशील. जानेवारीअखेर आकडा पाचावर आला, फेब्रुवारीत चारावर. एक दिवस वहीत दुखण्याच्या शेजारी फक्त एवढंच होतं: ‘गादी मऊ. ठीक आहे.’ मी ते पान पटकन उलटलं. काही नोंदींवर चर्चा करायची नसते.

बागेत देवरामकाकांना कळलं तेव्हा ते भडकले. “पाच हजार वर्षांचं शास्त्र खोटं का?”

“शास्त्र खरं आहे, काका,” सुदेश म्हणाला. “चावी पण खरी असते, पण आधीच लागलेल्या कुलपात तीनशे वेळा फिरवली तर मोडतेच.”

सगळं ठीक चाललं होतं, बारी सोडून. नीरजा मॅडमचं म्हणणं सोपं होतं: वीस मिनिटांनी उठा. सुदेशचं म्हणणंही सोपं होतं: बारीत उठता येत नाही.

“कुठे लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

“लिहिलेलं नाही. म्हणून तर मोडता येत नाही.”

शेवटी मधे भोक असलेली उशी घेऊन बसायचं आणि तासभर कसंही काढायचं, असं त्याने एकट्याने ठरवलं. मॅडमनी मान हलवली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “जबड्यावर लक्ष ठेवा. जबडा आवळला की खालचंही आवळलेलं असतं.”

मार्चचा तो रविवार. हल्ली दहाला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणून बारी दुपारी चारलाच सुरू झाली. ठाकुर्लीच्या मैदानात मांडव, सात-आठशे माणसं, बायका उजवीकडे, रसिकावहिनी आणि सान्वी पुढच्या रांगेत. विठ्ठलबुवा त्रेसष्ट वर्षांचे, पांढरा फेटा, आवाज अजून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. त्यांची बारी पहिली, त्यामुळे सुदेश तोवर पेटीमागे न बसता मंचाच्या कडेला उभा. एक तास दहा मिनिटं त्यांनी गायलं आणि दोन बाऱ्या ‘आजारी’ पडलेल्या बुवाचा यथास्थित समाचार घेतला. मग पेटी बंद न करता तिच्यामागेच बसून राहिले. आता ऐकवा म्हणून.

सुदेश ती भोकाची उशी सगळ्यांसमोर टाकून बसला, आणि सुरुवातीला त्याचा आवाज सुरेख लागला. मी घड्याळ बघत होतो. वीस मिनिटं. तीस. पस्तिसाव्या मिनिटाला गौळण घेताना त्याचा जबडा आवळला. मला लांबून दिसलं. मी काय करणार? मी त्याच्याकडे बघून माझा जबडा सैल सोडला, तोंड उघडं टाकलं आणि पोट फुगवलं.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, “काका, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?”

“मी बरा आहे,” मी म्हटलं, तोंड तसंच उघडं ठेवून.

सुदेशने मला बघितलं. सूर तुटला. पखवाज एक आवर्तन एकटाच चालला. संदेशने मागून झील लांबवली, आणि सगळ्या मांडवाला कळलं की काहीतरी बिनसलंय. सुदेशने पुढच्या रांगेकडे बघितलं. रसिकावहिनींनी काही खूण केली नाही, फक्त स्वतः उभ्या राहिल्या. बायकांच्या रांगेत एकट्या, पदर खोचून.

आणि सुदेशने मांडी मोडली.

तो उठला, दोघांना खुणावलं, स्पीकरवाल्याचं टेबल मागवलं, पेटी त्यावर ठेवली आणि उभ्याने भाता ओढायला लागला. मांडवात एकच गलका. विठ्ठलबुवांना तर लॉटरी लागली. दुसऱ्याच्या बारीत तोंड घालायचं नसतं, पण हे घबाड सोडवेना; त्यांनी माइक ओढला:

“बुवा बसतो, भक्त उभे,
हीच आमची जुनी रीत;
पेटीमागून उठला त्याने
मांडीसंगे सोडली जीत!”

हशा झाला. हेच ते गाणं, वर्षभर नाक्यावर वाजणारं. मी सुदेशच्या पोटाकडे बघत होतो. ते सावकाश फुगलं, सावकाश बसलं. मग त्याने वरचा सूर लावला, आणि खालून काही न धरता लावला, कारण तो सूर मी वीस वर्षं ऐकतोय आणि इतका मोकळा कधीच ऐकला नव्हता:

“वीस वर्षं बांधून ठेवलं,
सुरासंगे दुखणं आलं;
डॉक्टरबाईनं सोड म्हटलं,
सोडलं तेव्हा गाणं झालं!

कंबर नाही, कंबरेखाली,
सांगून टाकतो सर्वां आज;
तुम्ही चारपासून दाबून बसलात,
बुवा, कुणाची एवढी लाज?”

मग बायकांच्या बाजूने पहिली हसली ती विठ्ठलबुवांची स्वतःची बायको, विमलाबाई. त्यामागून सगळा मांडव. टाळ्या, शिट्ट्या, पखवाजवाल्याने आपणहून तिहाई मारली.

विठ्ठलबुवांनी फेटा सारखा केला. सुदेशकडे बघितलं, मग मंचाच्या मागे पालिकेच्या संडासाची पाटी होती तिकडे बघितलं. गंभीर चेहऱ्याने माइकवर म्हणाले, “मेल्या, ह्या दोन तास आधी सांगूचा नाय?” आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. त्रेसष्ट वर्षांचा बुवा बारी चालू असताना मंचावरून उतरून चालला, आणि लोकांनी त्याला वाट दिली ती टाळ्या वाजवत. त्यांच्या मागोमाग मांडवातून पुरुष उठले ते मी मोजले. एकेचाळीस.

डबलबारीचा निकाल मंचावर लागत नाही, दुसऱ्या दिवशी नाक्यावर लागतो. सोमवारी सकाळी पावाच्या गाडीजवळ सुदेशचीच ओळ चालली होती. त्याची पेटी काढून घ्यायचं नाव मंडळात कोणी काढलं नाही. संदेश स्वतःच येऊन म्हणाला, “आपण एक उंच टेबल करून घेऊ. उतरतं, दोन फळ्यांचं.”

संध्याकाळी सात वाजता सुदेश दुकानात आला. फ्रीजकडे गेला, थबकला, मग स्टूल ओढून बसला. वहीत त्या दिवशी पाच मार्क होते. रविवारची थोडी भरती आलीच होती. त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

पंधरा-एक मिनिटांनी एक गृहस्थ आले. खोकल्याच्या बाटल्यांची लेबलं वाचायला लागले. दुकान रिकामं व्हायची वाट बघत होते. सुदेश काही हलेना. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, “ते कालच्या बुवांच्या डॉक्टरबाई... माझ्या एका मित्राला नंबर हवा होता. त्याची कंबर...”

मी नंबर लिहायला कागद घेतला. सकाळपासून हा सातवा मित्र.

“मित्राला सांगा,” सुदेश स्टुलावरून म्हणाला, “तिथे गेल्यावर कंबर म्हणू नकोस. वेळ जातो.”

गृहस्थांनी त्याच्याकडे बघितलं, ओळखलं, आणि कानापर्यंत लाल झाले. मग हळूच म्हणाले, “आणि ती उशी कुठे मिळते?”

सुदेशने मला गृहस्थांवर दोन ओळी ऐकवायला तोंड उघडलं, पण खिशातल्या मोबाईलचा गजर वाजला. वीस मिनिटं झाली होती. तो उठून उभा राहिला आणि रिकामं स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं.